कोयनेच्या वाटेने चिपळूणास

पुण्याहून चिपळूणास जावयाचे झाल्यास वाटा अनेक आहेत. ताम्हिणीचा घाट उतरून माणगाववरून जाणारी एक. भोरवरून वरंध्याच्या घाटाने महाडाकडे उतरणारी दुसरी. महाबळेश्वर ओलांडून आंबेनळीच्या वळणांनी पोलादपूर गाठणारी तिसरी. ज्यांना कोकणात लवकर उतरावयाचे असते ते यांपैकी एखादी धरतात. चौथी वाट साताऱ्याच्याही दक्षिणेस उंब्रजपर्यंत जाते, तेथून पश्चिमेस वळून पाटणास येते आणि कोयनेच्या सोबतीने चढत कुंभार्ली घाटाच्या माथ्यावर पोहोचते. ती लांबची आहे खरी; परंतु ज्यास सह्याद्री केवळ ओलांडावयाचा नसून पाहावयाचाही आहे, त्याने ती एकदा तरी धरावी, असे आमचे मत आहे.

या वाटेचे खरे वैभव म्हणजे कोयना नदी. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री व गायत्री या पाच नद्यांचा उगम महाबळेश्वरी मानितात, हे आपल्या घरांतील मुलांनाही ठाऊक असते. त्या पाचांत कोयनेची चाल मात्र निराळी. घाटमाथ्यावर उगम पावलेल्या देशावरील बहुतेक नद्या लागलीच पूर्वेची वाट धरतात. कोयना सह्याद्रीच्या दोन रांगांमधून दक्षिणेस वाहत येते, हेळवाकजवळ एकाएकी काटकोनात वळते आणि मग पूर्वाभिमुख होऊन कऱ्हाडास कृष्णेला समोरासमोर भेटते. त्या भेटीसच प्रीतिसंगम असे गोड नाव आहे. लांबट, अरुंद, दोन्ही बाजूंनी डोंगरांनी बंद केलेले आणि पावसाने वर्षानुवर्षे न्हालेले असे हे खोरे. स्थापत्यशास्त्रज्ञांच्या डोळ्यांत ते भरले नसते तरच नवल!

आमच्या काकूंचे माहेर याच खोऱ्यातले. हेळवाकच्या वर नदीकाठी पन्नास-साठ उंबऱ्यांचे एक गाव होते. काकूंचे वडील तेथे शाळामास्तर होते. १९६० च्या सुमारास धरणाच्या पाण्याखाली जावयाच्या गावांत त्याचीही गणना झाली. काकू त्या वेळी पंधरा-सोळा वर्षांच्या. देवघरातले देव, पितळेची भांडी आणि मास्तरांची पुस्तके एवढे बैलगाडीत घालून ते कुटुंब कऱ्हाडास आले. पुढे दोन वर्षांनी काकू सून म्हणून आमच्या घरी आल्या. त्यानंतर साठांहून अधिक वर्षे लोटली. या काळात काकूंनी काशी पाहिली, रामेश्वर पाहिले. परंतु त्या खोऱ्यात त्यांचे पाऊल पुन्हा पडले नाही. आमचे काका त्यांस म्हणत, “एकदा तुला तुझे पाणी दाखवून आणतो.” ते राहिले. काका गेले, त्यासही आता सहा वर्षे झाली.

गेल्या भाऊबीजेस सारे कुटुंब जमले असता काकू सहज बोलावे तशा म्हणाल्या, “एकदा जाऊन यावं म्हणते. कोयनेची ओटी भरायची राहून गेली आहे. निघताना आईनं भरली होती, मी भरली नव्हती.” थोड्या वेळाने त्यांनी आणखी एक अट सांगितली. “नव्या गाडीतून नको. यांनी नेईन म्हटलं होतं ते याच गाडीतून.”

ही ‘याच गाडीतून’ची अट सोपी नव्हती. काकांनी ती मोटार १९८४ साली घेतली. त्या काळी आपल्या देशात मोटारींच्या बनावटी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. पैसे भरून वर्षानुवर्षे नंबराची वाट पाहावी लागे. त्या बनावटींपैकी उत्तरपाड्याच्या कारखान्यातील अँबॅसडर २०१४ साली बंद झाली, आणि मुंबईतील काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींना २०२३ साली निरोप मिळाला. आमची गाडी कोणत्या बनावटीची हे सांगण्याचे कारण नाही, कारण तिचे दुखणे बनावटीचे नव्हते, वयाचे होते. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी, आणि तेथून पुढे दर पाच वर्षांनी नवी करून घ्यावी लागते. आमच्या गाडीची मुदत चैत्रात संपत होती, आणि या खेपेस ती नवी न करता गाडी मोडीत द्यावयाची, असे दादांनी ठरविले होते. दादांचे म्हणणे अन्यायाचे नव्हते. जी गाडी सुरू होईल की नाही याची खात्री नाही, तिच्यावर घरातील माणसांनी विसंबावे कसे?

दुखणे असे होते. दहा वेळा किल्ली फिरविली तर नऊ वेळा गाडी तत्काळ सुरू होई. दहाव्या वेळी बॉनेटखालून ‘टक्’ असा एकच आवाज येई आणि सारे शांत. मग कधी पाच मिनिटांनी, कधी अर्ध्या तासाने, काही न करता तीच गाडी जणू काही झालेच नाही अशी सुरू होई. मिस्त्रीस बोलवावे तर त्याच्यासमोर ती शहाण्या मुलीसारखी वागे. जुन्या काळी हिवतापास पाळीचा ताप म्हणत; वैद्य यावा तेव्हा रोग्याचे अंग थंडगार असावे, अशातला हा प्रकार. दोन वर्षांत तिची बॅटरी बदलून झाली, सेल्फ उतरवून दुरुस्त करून झाला, किल्लीचा स्विच नवा बसवून झाला. प्रत्येक उपायानंतर महिना दीड महिना गुण येई आणि मग एके दिवशी पुन्हा ‘टक्’.

तरीही काकूंची अट मोडण्याचे धैर्य कोणास झाले नाही. मार्गशीर्षात एका पहाटे काकू, वहिनी, बारावीत शिकणारा आमचा पुतण्या आणि आम्ही असे चौघे निघालो. दादा फाटकापर्यंत आले व एवढेच म्हणाले, “उजेडात घाट उतरा.”

कात्रज मागे पडला, खंबाटकीचा घाट चढून झाला. साताऱ्यास अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी फराळ केला. छत्रपती शाहूंच्या या राजधानीत मराठी राज्याची सूत्रे कित्येक वर्षे हालत होती. आज मुले त्या गावास कंदी पेढ्यांवरून ओळखतात, आणि आमच्याही पुतण्याने ती ओळख जागविली. गाडी तेथे विनातक्रार सुरू झाली. उंब्रजास महामार्ग सोडून चाफळास वाकडी वाट केली. समर्थ रामदासांनी १६४८ साली स्थापिलेल्या राममूर्तीचे दर्शन घेऊन परतलो तो पहिला ‘टक्’ ऐकू आला. दहा मिनिटे थांबलो. गाडी सुरू झाली. काकू म्हणाल्या, “रामाला आणखी थोडं थांबायला हवं होतं आपण.” सारे हसले, परंतु ते हसणे अर्धेच होते.

पाटण हे कोयनेच्या काठचे तालुक्याचे गाव. तेथे पोहोचलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. चहासाठी उतरलो, आणि परत येऊन किल्ली फिरविली तो पुन्हा ‘टक्’. दहा मिनिटे गेली, अर्धा तास गेला, वीस वेळा किल्ली फिरवून झाली. चहाच्या दुकानातील चार पोरे धक्का मारण्यास पुढे आली. दुसरा गिअर घालून, क्लच दाबून, गाडीस वेग आला की क्लच सोडावा, म्हणजे इंजिन सुरू होते, हा उपाय सर्वांस ठाऊक आहेच. तो लागूही पडला असता. कारण धक्क्याने गाडी सुरू करताना सेल्फची गरजच उरत नाही, आणि ठिणगीपुरता लागणारा प्रवाह अगदी थोडा असतो. परंतु वहिनींनी पोरांस हाताने थांबविले. त्या म्हणाल्या, “धक्क्यानं गाडी सुरू होईल, दुखणं नाही जाणार. घाटात चढावर अंधारात बंद पडली तर ढकलायला कोण येणार? काय ते इथंच बघून घेऊ या.”

त्यांचे म्हणणे खरे होते; परंतु येथे थांबावे तर कोयनानगरास पोहोचता पोहोचता दिवस मावळणार, आणि काकूंचे पाणी अंधारात राहणार, हेही तितकेच खरे होते. काकू काही बोलल्या नाहीत. पदराखालच्या पिशवीत त्यांनी ओटीचे सामान आणले होते, तिच्यावर हात ठेवून त्या पुढच्या आसनावर बसून राहिल्या.

दुकानाच्या बाकावर सत्तरीचे एक गृहस्थ हा सारा प्रकार पाहत होते. वीजकेंद्रात वायरमनची नोकरी करून ते निवृत्त झालेले; आता पंपाच्या मोटारी भरून देण्याचे लहानसे दुकान पलीकडेच चालवीत होते. ते उठून आले आणि म्हणाले, “मोटारीतलं मला फार कळत न्हाय सायेब, पर वीज ती वीज. जरा दिवं लावा बघू.”

वाचकहो, पुढील तासाभरात त्या गृहस्थांनी जे केले ते येथे थोडे विस्ताराने सांगतो. पुष्कळ घरांत अशी जुनी गाडी अजून उभी असेल, आणि हे ज्ञान पुस्तकी नसून हाताशी ठेवण्याजोगे आहे.

प्रथम त्यांनी पुढचे दोन्ही दिवे लावून किल्ली फिरवावयास सांगितली. बॅटरी दुबळी असेल तर किल्ली फिरविताच दिवे काजव्यासारखे मंदावतात. आमचे दिवे होते तसेच लखलखीत राहिले. याचा अर्थ, बॅटरीत बळ होते, परंतु ते बळ सेल्फपर्यंत पोहोचत नव्हते. मग त्यांनी दुकानातून मीटर आणून बॅटरीच्या दोन टोकांस लावला. आकडा १२.६ व्होल्ट. विश्रांतीत असलेल्या भरल्या बॅटरीचा तो योग्य आकडा. बॅटरी निर्दोष ठरली.

ते सेल्फकडे वळणार इतक्यात काकू आतून म्हणाल्या, “अरे, हा खुंटा केवढा तापलाय! आणि जळकट वास येतोय मघापासून.” काकूंनी हात लावला होता तो चोकचा खुंटा. गाडी उभी, इंजिन गार होत आलेले, आणि चोकची तार तापते कशाने? आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. त्या गृहस्थांच्या मुद्रेवर मात्र ओळख पटल्याचे समाधान उमटले. “आजी, तुम्ही दावलंत बघा,” ते म्हणाले. “वीज जातीया, पर माघारी यायला तिला वाट न्हाय. म्हणून ती चोरवाटेनं निघालीया.”

याचा उलगडा असा. घरात दिव्यास दोन तारा जातात. एकीने प्रवाह येतो, दुसरीने परततो. मोटारीत पैसा व जागा वाचविण्यासाठी परतीची तार घालीत नाहीत; गाडीचे लोखंडी अंग हीच परतीची वाट. बॅटरीचे ऋण टोक त्या अंगाला जोडलेले असते. परंतु इंजिन हे रबराच्या उशांवर बसविलेले असते, आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन व गाडीचे अंग यांच्यामध्ये तांब्याच्या विणलेल्या तारांची एक जाड पट्टी जोडतात. मिस्त्री लोक तिला अर्थची पट्टी म्हणतात. सेल्फ इंजिनावर बसलेला. तेव्हा त्याचा सारा प्रवाह या एका पट्टीतून परतावयाचा. ती पट्टी तुटली किंवा तिचा सांधा गंजला, तर प्रवाह मिळेल त्या धातूच्या वाटेने परतू पाहतो. आणि इंजिनापासून गाडीच्या अंगापर्यंत येणारी अशी एक वाट म्हणजे चोकची बारीक पोलादी तार. तिच्याने तो भार पेलत नाही. ती तापते आणि सेल्फ ‘टक्’ म्हणून गप्प बसतो.

भार तरी केवढा! आपल्या दिवाणखान्यातील नऊ वॅटचा दिवा अँपिअरच्या चार शतांशांइतका प्रवाह घेतो. मोटारीचा सेल्फ इंजिन फिरविताना शंभर-दीडशे अँपिअर ओढतो. जर्मन शास्त्रज्ञ ओम याने १८२७ साली मांडलेला नियम शाळेत आपण सर्वांनी पाठ केला आहे: प्रवाहास रोधाने गुणिले म्हणजे वाटेत खर्ची पडणारे व्होल्ट निघतात. गंजलेल्या एका सांध्याचा रोध ओमचा अवघा पन्नासावा भाग मानला, तरी दीडशे अँपिअरला तेथेच तीन व्होल्ट खर्ची पडतात. बारांतून तीन गेले की सेल्फच्या वाट्यास नऊ. हाच सांधा दिव्याच्या चार-पाच अँपिअरला जाणवतही नाही. म्हणूनच दिवे लखलखीत, भोंगा खणखणीत, आणि गाडी मात्र निश्चल, असे कोडे पडते.

अनुमान झाले, आता प्रमाण हवे. त्यांनी मीटरची एक सुई बॅटरीच्या ऋण टोकावर व दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर टेकवून पुतण्यास किल्ली फिरवावयास सांगितले. परतीची वाट चांगली असेल तर तेथे अर्ध्या व्होल्टपेक्षाही कमी आकडा दिसावयास हवा. दिसला तो आठाच्या वर! मग त्यांनी बॅटरीचे ऋण टोक व इंजिन यांच्यामध्ये एक जाड तार नुसती हाताने दाबून धरली. किल्ली फिरविताच इंजिन गरजले. बाकावरच्या पोरांनी टाळ्या वाजविल्या.

गाडीखाली शिरून पट्टी काढली तेव्हा साऱ्या इतिहासाचा खुलासा झाला. काही वर्षांपूर्वी गाडीच्या तळास कोठेतरी गंजरोधक काळा लेप देवविला होता. त्या वेळी पट्टीचा बोल्ट लेपावरच आवळला गेला होता. खाली गंज, वर लेप, आणि पट्टीच्या निम्म्या तारा हिरव्या पडून तुटलेल्या. इंजिन बंद होताना रबरावर थोडे हेलकावते आणि दर वेळी केसभर निराळ्या जागी विसावते. त्यावर पट्टी कधी धातूस टेके, कधी न टेके. रोग पाळीचा का होता, हे त्यातच आले. आणि बॅटरी बदलताना, सेल्फ उतरविताना हातांचे धक्के लागून सांधा थोडा हाले, म्हणून महिनाभर गुण येई. श्रेय मात्र नव्या वस्तूस मिळे. किल्लीच्या नव्या स्विचास तर श्रेय केवळ योगायोगाने मिळाले असावे.

नवी पट्टी वेल्डिंगच्या जाड तारेची केली. दोन्ही टोकांस तांब्याची कडी दाबून बसविली, गाडीच्या अंगावरचा लेप पॉलिश पेपरने घासून धातू आरशासारखा केला, बोल्ट आवळला आणि वरून पाणी लागू नये म्हणून व्हॅसलीन चोपडले. चोकची तार अर्धवट भाजली होती. तीही बदलण्यास त्यांनी बजावून सांगितले. पैसे विचारले तेव्हा त्यांनी तारेचे तेवढे घेतले.

“आजी, तुमचं गाव कंचं?” निघताना त्यांनी विचारले. काकूंनी सांगितले. ते क्षणभर थांबले. त्यांचे आजोळही त्याच खोऱ्यातले, पाण्याखाली गेलेले. कोयनानगरच्या अलीकडे कोणत्या चढावर गाडी उभी करावी, कोठून पाणी दिसते, हे त्यांनी पुतण्यास नीट समजावून दिले आणि म्हणाले, “पाचाच्या आत पोचा. धुकं उतरलं की काय दिसायचं न्हाय.” घड्याळात चार वाजले होते.

पाटण सोडल्यावर डोंगर जवळ येऊ लागतात. भाताची खाचरे कापून झाली होती. मध्येच एखाद्या वाडीतून धुराची रेघ वर जात होती. कोयना कधी उजव्या, कधी डाव्या हातास दिसे. एरवी थांबून पाहावे अशी ती वाट. परंतु त्या दिवशी आमचे डोळे सूर्याकडे होते.

कोयनेचे धरण सुमारे १०३ मीटर उंच आहे. त्यामागील जलाशयास शिवसागर म्हणतात. त्याची साठवण सुमारे १०५ टी.एम.सी., म्हणजे अब्ज घनफूट. १९६७ साली ११ डिसेंबर रोजी पहाटे या भागात मोठा भूकंप झाला. दीडशेहून अधिक माणसे दगावली, कोयनानगरची घरे कोसळली, धरणाच्या भिंतीसही तडे गेले, परंतु ती उभी राहिली व पुढे मजबूत करण्यात आली. धरणाचा सारा डाव पाण्याच्या दिशेवर आहे. हे पाणी मुळात पूर्वेस कृष्णेत व तिच्याबरोबर बंगालच्या उपसागरात जावयाचे. त्यातील मोठा भाग डोंगर पोखरून केलेल्या बोगद्यांनी पश्चिमेस वळविला आहे. साडेचारशे मीटरांहून अधिक खोल उतरून तो पोफळीच्या भूमिगत वीजगृहातील चक्रे फिरवितो. सर्व टप्पे मिळून येथे १९६० मेगावॉट वीज निर्माण करण्याची शक्ती आहे. पुढील टप्प्यांसाठी जलाशयाच्या तळास खालून छिद्र पाडण्याचे अवघड काम १९९९ व २०१२ साली पार पडले.

सांगितलेल्या चढावर गाडी उभी केली तेव्हा पाचास दहा मिनिटे कमी होती. दोन टेकड्यांच्या मधून दूरवर पाण्याची एक रुंद, शांत पट्टी दिसत होती. वारा नव्हता. काकू वहिनींच्या हाताला धरून उतरल्या आणि बराच वेळ काही न बोलता पाहत राहिल्या. मग बोट करून म्हणाल्या, “तो डोंगर आमच्या परसातून दिसायचा. पण इतका बुटका नव्हता.” पुतण्या म्हणाला, “पाणी वर आलंय ना आजी, म्हणून बुटका वाटतो.” काकूंनी मान हलविली. आपल्या गावाची वेस, शाळेसमोरचा फणस, गुडघाभर पाण्यातून ओलांडावयाचा ओढा, अशी दोन-चार नावे त्यांनी घेतली. रडल्या नाहीत. “मला वाटलं होतं काहीतरी ओळखीचं दिसेल,” एवढेच म्हणाल्या. पाण्याजवळ जाता येणार नव्हते. ओटीची पिशवी तशीच हातात राहिली. पाहता पाहता समोरच्या कड्यावरून धुके उतरले आणि पट्टी दिसेनाशी झाली.

कुंभार्लीच्या माथ्यावर आम्ही इंजिन मुद्दाम बंद केले. वहिनी म्हणाल्या, “आता करा सुरू.” सुरू झाले. पुन्हा बंद केले, पुन्हा सुरू झाले. असे पाच वेळा. मग घाट उतरलो. दादांनी सांगितलेला उजेड शेवटच्या वळणांपर्यंत पुरला. खाली पोफळीचे दिवे लागले होते.

रात्री चिपळूणास नातलगांकडे उतरलो. २०२१ च्या जुलैतील महापुराच्या गोष्टी निघाल्या. पाणी कोठवर चढले होते हे भिंतीवर हात ठेवून दाखविण्यात आले. बोलता बोलता घरच्या यजमानांनी सांगितले की उन्हाळ्यातही वाशिष्ठीस पाणी असते, ते कोयनेमुळे. पोफळीच्या वीजगृहातून बाहेर पडलेले पाणी कोळकेवाडीच्या धरणात येते, तेथे पुन्हा वीज करून शेवटी वाशिष्ठीत सोडले जाते.

काकू हे ऐकत होत्या. त्यांनी ते पुन्हा एकदा सांगावयास लाविले. “म्हणजे आमच्या गावावरचं पाणी इथं येतं?” यजमान म्हणाले, “तुमच्या गावावरचंच काकू. दुसरं कुठलं येणार?”

दुसऱ्या दिवशी सकाळी वाशिष्ठीच्या घाटावर काकूंनी ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी. वहिनींनी त्यांस धरले होते, कारण पायऱ्या निसरड्या होत्या. तांदूळ पाण्यावर क्षणभर पसरले आणि खाडीच्या दिशेने वाहत गेले. काकूंनी ओंजळभर पाणी डोळ्यांस लावले व म्हणाल्या, “चला. आता पोरांना भूक लागली असेल.”

परतीची वाटही तीच धरली. पाटणास उतरून त्या गृहस्थांस चिपळूणचे काजू दिले. ते नको नको म्हणत होते, काकूंनी ऐकले नाही. घरी दादांनी स्वतः गाडीखाली वाकून नवी पट्टी पाहिली, हाताने हलवून पाहिली, आणि काही न बोलता आत गेले. चैत्रात नोंदणीचे कागद भरण्यास मात्र त्यांनीच काढले. पाच वर्षांची मुदत मिळाली आहे. काकू विचारीत आहेत की आता मार्गशीर्षात पुन्हा कधी जावयाचे. या खेपेस त्यांस जलाशयाच्या वरच्या अंगास तापोळ्याकडून जावयाचे आहे. तेथे पाण्यापर्यंत पोहोचता येते, आणि होडीही मिळते.